सगुणाबाईंची थाळी : सातारा ते आटपाडी

जुन्या रेकॉर्डवाल्यांच्या आमच्या मोबाइल ग्रुपमधून मला महिनाभरासाठी हाकललं होतं, त्याच महिन्यात हा प्रवास ठरला. हाकलण्याचं कारण वाचून हसू आलं तर हसून घ्या, पुढे हसण्यासारखं फारसं काही नाही.

झालं असं, की कुणीतरी एका जड, काळ्या, जुन्या रेकॉर्डचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'माझं नवं विनाइल!' मी लिहिलं, 'हे विनाइल नाही, शेलॅक आहे.' एकानं लिहिलं, 'आल्या ताई!' दुसऱ्यानं हसरे चेहरे टाकले. मी पुन्हा लिहिलं. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई मी, चुकीचा शब्द दिसला की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. शेवटी ग्रुपचे ॲडमिन म्हणाले, 'वृंदाताई, आपण गाण्यांसाठी जमलोय, शब्दांसाठी नाही. जरा विश्रांती घ्या.' आणि त्यांनी मला काढून टाकलं.

आता ब्लॉग माझा आहे, इथून मला कुणी काढू शकत नाही, म्हणून तक्रार इथेच मांडते. प्रत्येक काळी तबकडी विनाइल नसते. विनाइल हे प्लॅस्टिक, ते नंतर आलं. लवचिक असतं, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं वाजतं. त्याआधीची मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणारी रेकॉर्ड शेलॅकची. ती तीनेक मिनिटांत संपते आणि हातातून निसटली की पापडासारखी फुटते. प्रत्येक मोठी रेकॉर्ड 'एलपी' नसते, विजेवर चालणाऱ्या प्लॅस्टिकच्या पेटीला 'ग्रामोफोन' म्हणत नाहीत, आणि जिच्या खाचांत कुणाच्या तरी लग्नातली हळद अजून बसली आहे ती रेकॉर्ड 'मिंट कंडिशन'मध्ये नसते. 'विनाइल्स' या शब्दाबद्दल तर मी बोलतच नाही, माझा रक्तदाब वाढतो.

ग्रुपमधून बाहेर असतानाच निनादचा फोन आला. निनाद तिशीतला, संगणकावर काम करणारा मुलगा. मनानं चांगला, पण जिभेवर सतत विनाइल. म्हणाला, "ताई, साताऱ्यात फौजेतले एक रिटायर्ड हवालदार आहेत, ग्रुपवर नवीन आलेत. त्यांच्या आईच्या आवाजातलं एक विनाइल आहे त्यांच्याकडे. डिजिटल करून हवंय."

"आईच्या आवाजातलं?" मी विनाइल गिळून टाकलं.

"हो. त्या जलशात गायच्या म्हणे. पण घाई आहे."

घाई काय होती ते मला हवालदारकाकांनीच फोनवर सांगितलं. त्यांचं नाव यशवंत. आई सगुणाबाई, वडील तात्या. दोघं आंबेडकरी जलशात, म्हणजे बाबासाहेबांचा विचार गाण्यांतून गावोगाव पोचवणाऱ्या मंडळींत. धर्मांतरानंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांची एकच रेकॉर्ड निघाली. आई पुढे गायची, तात्या आणि बाकीची मंडळी मागून झील धरायची. घरातला बाजा, म्हणजे ग्रामोफोन, कधीच मोडला, रेकॉर्ड तेवढी राहिली. यशवंतकाका तेव्हा तान्हे होते. त्यांची थोरली बहीण, कौसाअक्का, आटपाडीला दिली आहे. तिचा डावा कान पूर्ण गेला होता आणि उजवा चालला होता. डॉक्टरांनी आशा ठेवू नका म्हणून सांगितलं होतं.

"अक्का म्हनती, ऐकू येतंय तवर एकडाव आईला ऐकीव," काका म्हणाले. "तेवढंच मागती बगा. माज्याकडं विनाइल हाय, पन वाजवायचं मशिन न्हाई."

"काका, ते विनाइल नसणार, शेलॅक असेल," मी म्हणालेच.

"व्हय व्हय, त्येच."

मी त्यांना लेबलचा फोटो पाठवायला सांगितला. रेकॉर्ड अठ्ठ्याहत्तरचीच होती, लेबलवर सगुणाबाईंचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. मी बजावलं, "कुणाच्याही मशिनवर वाजवू नका. चुकीची सुई लागली तर खाचा जातील. मी माझं मशीन घेऊन येते." ते म्हणाले, "ऑर्डर म्हंजी ऑर्डर. हात लावू देत न्हाई कुनाला."

शनिवारी सकाळी निनादच्या गाडीतून निघालो. मागच्या सीटवर माझं मशीन, जाड सुईचा डबा आणि लॅपटॉप, सगळं दुलईत बांधलेलं. पुण्याहून साताऱ्याला जाणाऱ्यांसाठी एकच सल्ला, शनिवारी सातच्या आत शहर सोडा. आम्ही सोडलं नाही आणि खंबाटकीच्या अलीकडे ट्रकांच्या मागे तासभर रांगत राहिलो. त्या तासात निनादनं मला त्याच्या संग्रहाबद्दल सांगितलं. मी खिडकीतून बाहेर बघत होते.

"ताई, एक विचारू? शब्दानं इतका काय फरक पडतो? समोरच्याला कळतंय ना आपण कशाबद्दल बोलतोय."

"पडतो," मी म्हणाले. पण उदाहरण विचारलं असतं तर मला देता आलं नसतं. मला नुसता राग येत होता.

घाट उतरल्यावर मिसळ खाल्ली. रस्त्याकडेचं कुठलंही गर्दीचं ठिकाण धरा, दोघांचं दोनशेच्या आत भागतं, फक्त तर्री आधी चाखून मग ओता. साताऱ्यात शिरलो तेव्हा ऊन चढलं होतं. अजिंक्यताऱ्याचा डोंगर डोक्यावर भाजून निघत होता. पोवई नाक्याजवळच्या लॉजवर सामान टाकलं (खोली साधी, चादरी स्वच्छ, गरम पाणी फक्त सकाळी) आणि गोडोलीच्या बाजूला काकांचं घर शोधत गेलो.

घर बैठं, नीटनेटकं. दारात तुळस नाही, शेवंतीच्या कुंड्या. आणि सागवानी दार असं, की निनाद हात फिरवून म्हणाला, "काय चमकतंय हो हे!"

"सोता केलंय," काकांनी छाती पुढे काढली. सत्तरीचा गडी, पण पाठ अजून कवायतीतली. "बाजारचं पॉलिश न्हाई त्ये. मीच बनवतो. दरसाल चौदा एप्रिलच्या आदी एक हात मारायचाच. या, या. अगं, च्या टाक."

काकूंनी पाणी आणलं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्या खाली नऊवारीतल्या एका बाईंचा फोटो, हातात डफ. बाईंचं तोंड उघडं होतं. कुणीतरी गाता गाताच तो फोटो काढला असणार. मी बघतच राहिले. कॅमेऱ्यापुढे तोंड मिटून ताठ उभं राहायच्या त्या काळात ही बाई गात राहिली होती.

"आई," काका म्हणाले. मग ते निनादकडे वळले आणि त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "साहेब, तुमचे लय आभार. तुमी सांगितल्यापरमानं केलं बगा. एकदम फर्स्ट क्लास निघाली."

"काय निघाली?" निनादनं विचारलं.

"थाळी! म्हंजी विनाइल. ग्रुपवर इचारलं न्हवतं का मी? तुमीच उत्तर दिलंत की."

त्यांनी फोन काढला, चष्मा लावला आणि आम्हाला दाखवलं. त्यांचा प्रश्न होता, 'जुनी विनाइल रेकॉर्ड साफ कशाने करावी?' खाली निनादचं उत्तर होतं, 'सर, स्पिरिट घ्या आणि कापूस. विनाइलला काही होत नाही. बिनधास्त.' त्याला नऊ-दहा अंगठे आले होते. मी ते पाहिलंच नव्हतं, कारण मी ग्रुपमध्ये नव्हते.

निनादला अजून काही कळलं नव्हतं, तो कौतुकाच्या ओझ्यानं अवघडून हसत होता.

"काका, रेकॉर्ड दाखवा," मी म्हणाले.

त्यांनी आतून एका नव्याकोऱ्या टॉवेलात गुंडाळलेली रेकॉर्ड आणली आणि तान्हं मूल द्यावं तशी माझ्या हातात दिली. मी टॉवेल उघडला. शेलॅकची रेकॉर्ड कितीही जुनी असली तरी उजेडात धरली की खाचांवरून प्रकाश फिरतो. इथे काहीच फिरलं नाही. सगळा पृष्ठभाग राखाडी, गुळगुळीत, मधेमधे कापसाचे तंतू चिकटलेले. उलटून पाहिली. दुसरी बाजू तशीच.

"मळ किती हुता म्हनून सांगू," काका उत्साहानं सांगत होते. "कापूस निस्ता काळा. बदलला, परत काळा. म्या म्हनलं, साठ वर्सांचा मळ हाय, असा कसा निघंल. कापूस पांढरा येस्तवर घासायचं ठरवलं. काल सगळी दुपार घातली. पर त्यो काय पांढरा आलाच न्हाई."

"मी म्हनलं हुतं, एवढं नगा घासू," काकू चहाचा ट्रे घेऊन दारातच उभ्या होत्या.

निनादनं माझ्याकडे पाहिलं. त्याला आता कळलं होतं. त्याचा चेहरा पाहून मला बाकी काही नाही, पण त्याच्यावरचा माझा सगळा राग निघून गेल्याचं आठवतं. मी रेकॉर्ड मांडीवर ठेवली.

"काका, तो मळ नव्हता."

ते थांबले. फौजेत राहिलेला माणूस, वाईट बातमी येताना ओळखतो.

"सरळ सांगा मॅडम. माज्या हातनं काय झालं?"

खोटं बोलावं असं मनात येऊन गेलं. रेकॉर्ड जुनी होती, झिजलेली होती, असं म्हणून सुटता आलं असतं. पण ते माझ्या डोळ्यांत बघत होते. मी म्हणाले, "ही विनाइलची नाही. विनाइलला स्पिरिट चालतं. ही शेलॅकची आहे. शेलॅक स्पिरिटमध्ये विरघळतं."

"शेलॅक," ते म्हणाले. "तुमी फोनवर म्हनला हुता. आन् ग्रुपवर जुनं वाचत बसलो हुतो मी, तवाबी तुमचं त्ये शेलॅक, शेलॅक दिसलं. मला वाटलं कंपनीचं नाव असंल."

"नाही हो. शेलॅक म्हणजे लाख. आपली लाख. बांगड्यांची असते ना, तीच."

ते हळूच म्हणाले, "लाख म्हंजी चपडी?"

"हो."

"पॉलिशची चपडी?"

मी त्यांच्याकडे बघितलं आणि मग त्या दाराकडे. ते उठले, मोरीजवळच्या फडताळातून दोन वस्तू घेऊन आले आणि माझ्यासमोर मांडल्या. एका पिशवीत तपकिरी, पातळ, काचेसारख्या चकत्या. शेजारी स्पिरिटची बाटली, निम्म्याहून रिकामी.

"चपडी सांजच्याला स्पिरिटमधी टाकायची," ते म्हणाले. आवाज एकदम सपाट झाला होता. "सकाळपतुर पाक हुतो तिचा. मग कापसाच्या बोळ्यानं दाराला लावायचा. वीस वर्सं करतोय मी त्ये. ह्योच कापूस. हीच बाटली." ते खाली बसले. "लाख म्हनला असता कुनी, तर म्या स्पिरिट दारात उभं केलं नसतं."

काकूंनी ट्रे जमिनीवर ठेवला, चहावर साय धरली. मला त्या क्षणी माझी सगळी भांडणं आठवली आणि लाज वाटली. माझं बरोबर होतं, पण मराठीच्या बाईनं बरोबर शब्द तरी कुठला धरून ठेवला होता! विनाइल नको, शेलॅक म्हणा. या माणसाला दोन्ही सारखेच परके. त्याच्या घरात त्या वस्तूला थाळी म्हणत आणि ती ज्याची बनली त्याला चपडी.

"थाळी लिवलं तर लोक हसत्याल, म्हनून विनाइल लिवलं मी," काका जणू माझंच मन वाचून म्हणाले. "सगळी तसंच म्हनत हुती."

मोरीत प्लॅस्टिकची बादली होती. तिच्यात कापसाचे बोळे होते, काळे कुळकुळीत, ढीगभर. सगुणाबाईंचं गाणं त्या बादलीत होतं. मला तिकडे बघवेना.

निनाद उठून अंगणात गेला. मी रेकॉर्ड पुन्हा हातात घेतली, यासाठी की हातांना काहीतरी काम हवं होतं. तेव्हा लक्षात आलं, की एका बाजूला लेबलभोवती बोटभर रुंदीचं काळं कडं अजून चमकतंय.

"इथे काय केलंत?"

"आईचं नाव भिजंल म्हनून आमटीची वाटी पालथी घातली हुती वर. दुसऱ्या बाजूला वाटी सरकली, तितं वाईच आत गेलं." त्यांनी मान वर केली. "का?"

वाटी लेबलपेक्षा मोठी होती. तिच्याखाली गाण्याच्या शेवटच्या खाचा वाचल्या होत्या. मी मशीन मांडलं. सुरुवातीपासून सुई ठेवण्यात अर्थ नव्हता, मी ती त्या कड्याच्या काठावर सोडली. आधी नुसती खरखर. मग एकाएकी पुरुषांचे पाच-सहा आवाज, डफ, तुणतुणं.

'…आपल्याच अक्षरात, जी रं जी जी जी…'

दोनदा. मग खरखर, आणि संपलं. मोजून सांगायचं तर श्वास रोखून धरता येईल एवढंच. सगुणाबाई त्यात नव्हत्या. त्यांची ओळ संपल्यावर मागच्या मंडळींनी धरलेली झील तेवढी होती.

"ह्यो तात्या," काका म्हणाले. "जाड आवाज त्यो. तात्या." मग मशीनकडे वाकून, "आई कुटं हाय?"

आम्ही ते रेकॉर्ड करून घेतलं. दुसऱ्या बाजूला काहीही उरलं नव्हतं. मी म्हणाले, आटपाडीला आता जायलाच हवं असं नाही, अक्कांना फोनवर काहीतरी सांगू. काकांनी नकार दिला. "मशिनमदी नवा सेल घालून बसलीया ती. कानाच्या मशिनमदी. जे हाय ते घिऊन जाऊ. मी सांगंन तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं निघालो. साताऱ्याहून आटपाडीला कोरेगाव, पुसेगाव, गोंदवलं, म्हसवड, दिघंची असा रस्ता धरला. साडेतीन-चार तास लागतात, रस्ता मोठा आणि बराचसा नवा आहे, पण म्हसवडच्या पुढे पंपांची खात्री नाही, टाकी आधी भरून घ्या. कोरेगावपर्यंत ऊस दिसतो. मग तो विरळ होत जातो आणि माण तालुक्यात माळरान सुरू होतं. बाभळी, मेंढरं, लांबवर एखादी पवनचक्की. एरवी मला हा कोरडा मुलूख आवडतो. त्या दिवशी तो फक्त कोरडा वाटला. म्हसवडला ज्वारीची भाकरी, पिठलं आणि खर्डा खाल्ला. जेवण उत्तम होतं हे वाचकांसाठी नोंदवते, आम्हाला कुणालाच गेलं नाही. काकांनी रेकॉर्ड मांडीवरच ठेवली होती, त्याच टॉवेलात.

दिघंचीनंतर निनाद पहिल्यांदा बोलला. "काका, चूक माझी आहे."

"तुमी विनाइलचं सांगितलं," काका खिडकीबाहेर बघत म्हणाले. "विनाइलचं खरंच हाय म्हन्त्यात मॅडम."

याहून वाईट शिक्षा त्याला कुणी देऊ शकलं नसतं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

आटपाडी हे डाळिंबांचं आणि शेळ्या-मेंढ्यांच्या बाजाराचं गाव. बाजाराचा दिवस नव्हता, रस्ते रिकामे होते. अक्कांचं घर विहाराच्या मागच्या गल्लीत. अक्का ओट्यावरच बसल्या होत्या, पांढरं इस्त्रीचं लुगडं नेसून, कार्यक्रमाला निघाल्यासारख्या. त्यांनी भावाचा चेहरा एकदाच पाहिला.

"काय झालं रं?" त्यांनी विचारलं. ऐकू कमी येणाऱ्या माणसासारखा मोठा आवाज.

काका त्यांच्या चांगल्या कानाशी बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. थाळी धुतली, घासली, गाणं गेलं. अक्का ऐकत राहिल्या.

"कशानं धुतलीस?"

"स्पिरिटनं."

"म्हंजी दारूच की ती," अक्का म्हणाल्या. "आईनं ह्या तालुक्यातल्या निम्म्या गुत्त्यांम्होरं उभं ऱ्हाऊन गानी म्हनली. बाटल्या फोडल्या. आन् तू तिला दारूनं धुतलीस."

काकांनी मान खाली घातली. निनाद पुढे झाला. "आजी, यांना मीच सांगितलं होतं. चूक माझी आहे."

अक्कांनी त्याच्याकडे नीट बघितलं. "तू वळखत हुतास का माज्या आईला?"

"नाही."

"मग तुला काय सांगू मी."

मी लॅपटॉप उघडला. काय उरलंय ते त्यांना समजावलं आणि आवाज पूर्ण मोठा करून त्यांच्या उजव्या कानाजवळ धरला. झील वाजली. अक्कांच्या चेहऱ्यावरची एक रेघसुद्धा हलली नाही. ती संपल्यावर त्या म्हणाल्या, "पयल्यापासनं लाव."

"अक्का, पयलं न्हाई," काका म्हणाले. "सांगितलं न्हवं. एवढंच हाय."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, रडतायत. पण त्या काहीतरी शोधत होत्या. ओठ हलत होते. मग हातानंच मला थांब अशी खूण केली आणि त्या गायला लागल्या. आवाज फाटलेला, सूर इकडचा तिकडे, स्वतःचा आवाज स्वतःला धड ऐकू न येणाऱ्या माणसाचं ते गाणं होतं.

"घागर ठेव गं खाली, पाटी घे हातात,
उद्याचा दिस लिही पोरी, आपल्याच अक्षरात…"

आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी बटण दाबलं. तात्या आणि मंडळींनी मागून धरलं, 'आपल्याच अक्षरात, जी रं जी जी जी.'

"परत," अक्का म्हणाल्या.

तसं किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. त्या आईची ओळ म्हणायच्या, मी बटण दाबायचे आणि कधीच्या काळी मेलेली माणसं त्यांना साथ द्यायची. काका उठून विहाराकडे निघून गेले. शेवटी अक्का दमल्या. म्हणाल्या, "आईचा आवाज असा न्हवता. लय वरचा हुता. मला आठवतुया, पर काडता येत न्हाई." मग लॅपटॉपवर हात ठेवून म्हणाल्या, "मी गेले की संपलाच त्यो."

काका दोन दिवस बहिणीकडे राहिले. आम्ही भिवघाट, विटा, कराड करत हायवेला लागलो. हा रस्ता पुण्यासाठी बरा, पण विट्याच्या पुढे ऊसतोडीच्या दिवसांत बैलगाड्या आणि ट्रॉल्या असतात, अंधार पडायच्या आत कराड गाठा. निघताना अक्कांच्या सुनेनं डाळिंबांची पिशवी दिली होती, ती मागच्या सीटवर मशीनशेजारी हेलकावत होती. निनादनं पुण्यापर्यंत गाणं लावलं नाही. पाषाणला मला उतरवताना एवढंच म्हणाला, "ताई, तुम्हाला विचारलं होतं ना मी, शब्दानं काय फरक पडतो म्हणून."

असलं उदाहरण मला नको होतं.

महिना संपला, ॲडमिननी मला परत ग्रुपमध्ये घेतलं. निनादनं तिथे लिहिलं होतं, 'जुनी, जड, अठ्ठ्याहत्तरची रेकॉर्ड लाखेची असते. दाराच्या पॉलिशला जी चपडी वापरतात तीच. तिला स्पिरिट लावू नका, गाणं पुसलं जातं.' खाली तीन अंगठे होते. आणि एकाची शंका, 'पण बोलताना सगळ्यालाच विनाइल म्हणतात ना?' त्यानंतर कुणीतरी नव्या स्पीकरांचे फोटो टाकले आणि विषय तिथेच संपला. मीही काही लिहिलं नाही. भांडायची ताकद राहिली नाही, असं म्हणा.

हा प्रवास करावा का, असं कुणी विचारलं तर करा, असंच म्हणेन. रस्ते चांगले आहेत, माणसं चांगली आहेत. कुणाच्या घरी जुनी थाळी निघाली तर तिला ते काय म्हणतात ते आधी ऐकून घ्या, आणि ती कशाची आहे ते त्यांना कळेल अशा शब्दांत सांगा. धुण्याआधी सांगा.

परवा काकांचा फोन आला. अक्का बऱ्या आहेत. सुनेच्या मोबाइलवर झील घालून दिली आहे, रोज सकाळी त्या एकदा आपली ओळ म्हणून ती लावतात. आता मोबाइल अगदी कानाला टेकवावा लागतो. मग त्यांनी विचारलं, "मॅडम, आजकाल लय मशिनी निघाल्यात म्हन्त्यात. पुसलेलं परत काडत्यात."

"त्यासाठी थोडं तरी काही उरावं लागतं, काका. खाचाच राहिल्या नाहीत."

"तसं न्हवं. त्यो कापूस हाय माज्याकडं. टाकला न्हाई. बादलीतनं काडून सुकवला आन् डब्यात घालून ठेवलाय. समदं त्यातच गेलंय न्हवं? त्यातनं कायतरी निघंल का?"

मी फोन घट्ट धरून उभी राहिले. या वेळी तरी खोटं बोलावं, असं फार वाटलं.

"नाही, काका. त्यातून काही निघत नाही."

"बरं," ते म्हणाले. "तरी ऱ्हाऊ द्या. आईच हाय ती."